कोरड्या जमिनीवरचा भोवरा : लाकूड कोणते, भोक कसे?

सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळे आणि भातुकलीच्या भांड्यांबरोबर भोवराही विकला जातो. रंग पाहून गिऱ्हाईक तो उचलते. पण पुन्हा त्याच दुकानात येते ते तो नीट फिरला तरच. भोवरा डुलू लागला किंवा आर निखळली की माल परत येतो आणि मजुरी, लाख, वाहतूक सारे अंगावर पडते. म्हणून कातकाम करणाऱ्या व या मालाचा व्यापार करणाऱ्या बांधवांसाठी आम्ही काही गोष्टी येथे देत आहोत.

पावसाळा सरला की मालवण पट्ट्यातील जांभ्याची जमीन दगडासारखी कडक होते. घाटावर तर हवाही कोरडी. भोवऱ्याची खरी परीक्षा तेथेच होते.

लाकूड : पांगारा हलका व मऊ. फळे, बाहुल्या यांना तो चांगला, पण आपटणाऱ्या भोवऱ्यात आर धरून ठेवत नाही. भोवऱ्यास खैरासारखे जड व घट्ट लाकूड हवे. मात्र १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत खैर, आंबा, फणस यांची नावे आहेत. तेव्हा परवानगीचे कागद पाहूनच लाकूड घ्यावे. गाभ्याचा तुकडा टाळावा, कारण चीर तेथूनच सुटते.

सुकवण : ओले लाकूड सुकताना सगळीकडे सारखे आकसत नाही. वर्तुळाच्या दिशेने ते गाभ्याकडील दिशेपेक्षा साधारण दुप्पट आकसते. म्हणून ओल्या लाकडात पाडलेले गोल भोक पुढे लांबट होते आणि आर सैल पडते. पावसाळ्यात कातलेला माल घाटावर गेल्यावर बिघडतो तो यामुळेच. तुकडे सावलीत ठेवून काट्यावर वजन लिहीत जावे. कोरड्या दिवसांत आठवड्याच्या अंतराने दोनदा वजन तेच आले तर लाकूड तयार समजावे. त्याआधी लाख चढवू नये. ओल आत कोंडते.

भोक : भोवरा लेथवरून उतरवून हाताने गिरमिट चालवू नये. तो लेथवर फिरत असतानाच मध्यावर भोक पाडावे, म्हणजे आस एकच राहते. आर ४ मिलिमीटरची असेल तर भोक सुमारे साडेतीन मिलिमीटरचे ठेवावे. भोक सैल झाले तर आर निघते, फार अरुंद झाले तर लाकूड फुटते.

आर व घडण : खडबडीत कडक जमिनीवर अगदी अणकुचीदार आर खळग्यात अडकते व भोवरा उड्या मारतो. टोक कानशीने किंचित गोल करावे. फार बोथट केले तर घर्षण वाढून फिरणे लवकर थांबते. भोवऱ्याचे पोट रुंद व खालच्या अंगास असावे. उंच, सडपातळ भोवरा लवकर कलंडतो. आरही गरजेपुरतीच बाहेर ठेवावी.

शेवटी, प्रत्येक नग फरशीवर व अंगणात फिरवूनच बांधावा. व्यापारी बांधवांनीही सुकवणीच्या दिवसांचा मोबदला दरात धरावा. घाईने घेतलेला ओला माल स्वस्त पडतो असे वाटते. पण परत आलेल्या एका खोक्यात तो सारा नफा जातो.