संगणक : वाद्य की ध्वनिमुद्रिका?

अलीकडे संगीताच्या काही जलशांत एक दृश्य वारंवार दिसू लागले आहे. मंचावर एक मेज असते. मेजावर लॅपटॉप उघडून ठेवलेला असतो, शेजारी चौकोनी बटणांची एक पाटी असते, आणि त्यांच्यामागे उभा असलेला मनुष्य खाली मान घालून काहीतरी करीत असतो. सभागृह नादाने भरून गेलेले असते. पण त्या नादाचा आणि त्या मनुष्याच्या हातांचा संबंध काय, हे समोर बसलेल्याला कळत नाही. सतारीवर बोट तार ओढते तेव्हाच मींड ऐकू येते. तबल्यावर थाप पडते तेव्हाच बोल निघतो. येथे डोळा आणि कान यांची अशी गाठ पडत नाही. हा गृहस्थ वाजवितो आहे की आलेली पत्रे वाचतो आहे, अशी शंका कोणी घेतली तर त्याला अरसिक म्हणता येणार नाही. शंका रास्त आहे. तिचा उलगडा करणे हाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. संगीत रचण्यासाठी व मुद्रित करण्यासाठी जी सॉफ्टवेअर वापरतात, ती बहुतेक ध्वनिमुद्रणगृहासाठी घडविलेली आहेत. ध्वनिमुद्रणगृहाचा मोठा गुण असा की, तेथे काळ मागे नेता येतो. सूर कणभर उतरला, तर ती ओळ पुन्हा गावी. ठोका उशिरा पडला, तर उचलून जागेवर ठेवावा. मंचावर ही सवलत नाही. तेथे गेलेला क्षण गेला. तेव्हा मुद्रणगृहातील साधन मंचावर आणणे म्हणजे सामान एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलविणे नव्हे. चुका पुसण्यासाठी घडविलेल्या साधनाला, जेथे चूक पुसता येत नाही अशा जागी उभे करणे होय.

संगणकाला हे साधावयास बराच काळ लागला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ साली अशी आज्ञावली लिहिली की, जिच्या योगे संगणक ध्वनीच्या लहरीचा एकेक अंक हिशोबाने काढून देई. तिच्यावर तयार झालेली पहिली रचना अवघ्या सतरा सेकंदांची होती. त्यासाठी आज्ञांची भोके पाडलेली कार्डे न्यूयॉर्कमधील संगणकापर्यंत न्यावी लागत, आणि अंकांनी भरलेली चुंबकीय फीत न्यू जर्सीतील प्रयोगशाळेत परत आणून तिच्यातून ध्वनी काढावा लागे. हे संगीत होते खरे. पण ‘वाजविणे’ या शब्दाला तेथे काही अर्थ नव्हता. आज्ञा आणि नाद यांच्यामध्ये एक प्रवास होता.

हे अंतर हळूहळू तुटत गेले. फ्रेंच संगीतकार पियेर बुलेझ यांची ‘रेपाँ’ ही रचना १९८१ साली जर्मनीतील डोनाउएशिंगेन येथे प्रथम सादर झाली, तेव्हा सहा एकल वादकांचा नाद वाजत असतानाच संगणकातून पालटून श्रोत्यांपर्यंत जात होता. ते यंत्र पॅरिसच्या इरकाम या संस्थेत खास घडविलेले होते. सामान्य वादकाच्या हाती येण्यासारखे नव्हते. १९८३ साली मिडी नावाचा करार वाद्य बनविणाऱ्यांत रूढ झाला, आणि एका कंपनीच्या वाद्याला दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलता येऊ लागले. मिडीतून नाद जात नाही. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली, केव्हा सोडली, एवढेच कळविले जाते. जोर शून्यापासून १२७ पर्यंतच्या अंकांत मोजतात. एका अर्थी ही धावती स्वरलिपीच होय. आजच्या मंचावरील बटणांची पाटी संगणकाशी बहुधा हीच भाषा बोलते.

आता बर्लिनकडे वळू. गेरहार्ट बेलेस आणि रॉबर्ट हेंके हे दोघे तेथे १९९५ पासून ‘मोनोलेक’ या नावाने संगणकावरचे संगीत करीत होते. मुद्रणगृहात रचलेले संगीत श्रोत्यांपुढे कसे वाजवावे, ही त्यांची स्वतःचीच अडचण होती. तिच्यासाठी त्यांनी काही साधने स्वतः लिहून काढली होती. पुढे १९९९ साली एबलटन ही कंपनी निघाली. बेलेस तिच्या संस्थापकांपैकी एक. २००१ साली तिने जे सॉफ्टवेअर बाजारात आणले, त्याचे नावच ‘लाइव्ह’ असे ठेवले. या जातीची सॉफ्टवेअर आज इतरही आहेत; परंतु कल्पना स्पष्ट होण्यासाठी आम्ही हे एकच उदाहरण घेतो.

ध्वनिमुद्रणाच्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये काळ डावीकडून उजवीकडे वाहताना दाखवितात. आरंभ एका टोकाला, शेवट दुसऱ्या टोकाला. ‘लाइव्ह’मध्येही तसा एक पडदा आहे. पण दुसरा एक पडदा आहे, आणि त्यातच या साधनाचे मर्म आहे. तो बुद्धिबळाच्या पटासारखा चौकटींचा असतो. प्रत्येक उभी रांग म्हणजे एक वादक समजा : एक ढोलाची, एक खर्जाची, एक गळ्याची. रांगेतील प्रत्येक घरात संगीताचा एक तुकडा ठेवलेला असतो. त्यातले बरेच तुकडे आवर्तनासारखे फिरत राहतात. एका उभ्या रांगेतील एकच तुकडा एका वेळी वाजतो. दुसरा सुरू केला की पहिला थांबतो. आडवी ओळ एकदम सुरू केली, तर सगळे वादक मिळून रचनेच्या पुढच्या भागात शिरतात. कोणता तुकडा केव्हा, कितीदा, कोणाच्या जोडीने वाजवावयाचा, याचा क्रम कोठेही लिहिलेला नसतो. तो क्रम वाजविणाऱ्याने तेथल्या तेथे ठरवावयाचा असतो.

येथे एक प्रश्न सुचेल. मनुष्याचा हात घड्याळ नव्हे. बटण थोडे मागेपुढे दाबले गेले, तर सगळे विस्कटणार नाही काय? यावर केलेली तोड आपल्या श्रोत्यांना लगेच पटेल. बटण दाबले तरी तुकडा तत्काळ सुरू होत नाही. तो पुढच्या समेची वाट पाहतो. मिनिटाला १२० मात्रांची लय आणि चार मात्रांचा खंड असेल, तर एक खंड दोन सेकंदांचा होतो. त्या दोन सेकंदांत केव्हाही बटण दाबा, तुकडा खंडाच्या आरंभीच पाऊल टाकील. हा थांबा वादकाला कमीजास्त करता येतो. झपतालाच्या दहा किंवा रूपकाच्या सात मात्रांचा खंडही धरता येतो. मिनिटाला ६० मात्रांच्या त्रितालात संपूर्ण आवर्तनाचा थांबा धरला, तर निर्णय आणि नाद यांच्यामध्ये सोळा सेकंदांपर्यंत अंतर पडू शकते. मंचावरचा मनुष्य बटण दाबून स्तब्ध उभा का राहतो, याचे एक कारण हे आहे. तो पुढच्या समेसाठी आधीच बोलून बसलेला असतो.

दुसरी करामत लयीची. जुनी तबकडी वाजविणाऱ्यांना ठाऊकच आहे की, मिनिटाला तेहतीस फेऱ्यांची तबकडी पंचेचाळीस फेऱ्यांवर लावली, तर गाणे द्रुत होते आणि सूरही चढतो. षड्जाच्या जागी जवळजवळ शुद्ध मध्यम ऐकू येतो. संगणक मुद्रित नादाचे अतिशय बारीक कण करतो आणि ते जवळ किंवा दूर मांडून, कधी एखादा कण पुन्हा वाजवून, सूर तसाच ठेवून लय पालटतो. त्यामुळे वेगवेगळ्या लयींत मुद्रित केलेले तुकडे मंचावर एका लयीत बांधता येतात. मर्यादा मात्र आहे. लय फार ओढली, तर नादाला खरखर येते, ठोक्याची धार बोथट होते, आणि कसलेला कान ते ओळखतो.

तिसरी गोष्ट दिसत नाही, पण वादकाला सर्वात अधिक छळते. ती म्हणजे विलंब. मायक्रोफोनमधून आलेला गळा संगणकातून पालटून बाहेर काढावयाचा असेल, तर संगणक तो थेंबाथेंबाने घेत नाही, ओंजळीओंजळीने घेतो. सेकंदाला ४४,१०० अंक या प्रमाणाने २५६ अंकांची ओंजळ भरावयास सुमारे ५.८ सहस्रांश सेकंद लागतात. १०२४ अंकांची असेल, तर सुमारे २३. नाद हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, हे ध्यानात घेतले म्हणजे याचा अर्थ उमगतो. पहिल्या ओंजळीचा विलंब म्हणजे पेटीवाला दोन मीटरांवर बसल्यासारखे आहे, दुसरीचा म्हणजे आठ मीटरांवर. आणि येण्याजाण्याच्या दोन्ही वाटा धरल्या, तर अंतर दुपटीहून अधिक होते. इतक्या दूरच्या साथीवर कोणता गवई सुखाने गाईल? मग ओंजळ लहान का करू नये? कारण ती भरण्याच्या आत संगणकाने मागील ओंजळीचा हिशोब पुरा केला पाहिजे. तो चुकला, की नाद तडकतो किंवा क्षणभर तुटतो. मुद्रणगृहात अशा वेळी पुन्हा आरंभ करता येतो. मंचावर हजार माणसे ते ऐकतात.

म्हणून जाणते वादक तयारीला फार जपतात. जे भारी हिशोब आधी करून ठेवण्यासारखे असतात, ते करून त्यांचे साधे मुद्रण घेतात. संगणकाचे इतर सारे व्यवसाय बंद करतात. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवीत नाहीत. मोठ्या कार्यक्रमांत दोन संगणक एकाच वेळी चालते ठेवतात, म्हणजे पहिला बंद पडताच दुसऱ्याचा नाद घेता येतो. सतारिया तारांची जादा वेटोळी जवळ ठेवतो, तसाच हा प्रकार आहे.

येथपर्यंत आम्ही साधनाची बाजू सांगितली. आता खऱ्या वादाकडे वळावयास हवे. मंचावर लय कोणाच्या हाती असते? संगणकाचे घड्याळ अचूक असते, आणि तीच अडचण आहे. आधी मुद्रित केलेल्या संगीताबरोबर वाजविणारा ढोलवादक कानाला यंत्र लावून घड्याळाची टिकटिक ऐकत असतो, आणि सारा मेळ त्याच्यामागून चालतो. श्रोते रंगले म्हणून एखादी जागा लांबवावी, किंवा मनात आले म्हणून लय किंचित चढवावी, ही मुभा तेव्हा उरत नाही.

आपल्याकडे तबल्याच्या एकलवादनात पेटीवर लेहरा धरतात. लेहरा हासुद्धा फिरून फिरून येणारा तुकडाच आहे. त्या अर्थाने पडद्यावरच्या चौकटीतील तुकड्याचा तो सख्खा भाऊ. पण पेटीवाला ऐकत असतो. तबलिया लय चढवितो तेव्हा तो बरोबर चढतो. कठीण चक्रदार समेवर आली की दाद त्याच्या चेहऱ्यावर उमटते. लेहऱ्याची यंत्रे आता रियाजासाठी मिळतात, आणि एकट्याने बसणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांचा मोठा आधार होतो. परंतु यंत्राचा लेहरा लयीत चुकत नाही, एवढ्यावरून तो साथ करतो असे म्हणता येणार नाही. साथ म्हणजे ऐकणे.

यंत्राला ऐकावयास शिकविण्याचा प्रयत्न झालाच नाही, असे नव्हे. रॉजर डॅननबर्ग आणि बॅरी वर्को या दोघांनी १९८४ साली स्वतंत्रपणे असे संगणक दाखविले की, जे वादकाचे सूर ऐकून, तो लिहिलेल्या रचनेत कोठे आहे हे ओळखून, त्याच्या लयीने साथ करीत. फिलिप मानूरी यांनी १९८७ साली बासरी व संगणक यांच्यासाठी ‘ज्युपिटर’ ही रचना केली, तीत हेच तंत्र वापरले. ‘लाइव्ह’मध्येही २०२१ पासून अशी सोय आहे की, संगणक ढोलवादकाच्या ठोक्यांवरून लय ओळखतो आणि आपले घड्याळ तिच्याप्रमाणे हलवितो. मालकाने नोकराच्या पावलाने चालावे, असा हा पालट आहे. आणि आमच्या मते, चौकटी व बटणे यांच्यापेक्षाही तो अधिक महत्त्वाचा आहे.

एक गोष्ट न बोलता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. या साधनामुळे चार व्हायोलिनवादकांचे काम एका मुद्रित तुकड्यावर भागते, आणि त्या चार खुर्च्या मंचावरून नाहीशा होतात. ज्या गायकापाशी चौघांची बिदागी देण्यास पैसा नाही, त्याला हे साधन वर आणते. ज्याच्यापाशी आहे, त्याला ती वाचविण्याचा मोह घालते. दोन्ही खरे आहे. दोष साधनाचा नाही. पण जे मुद्रित आहे, ते आता वाजते आहे असे भासविणे, हा श्रोत्यांशी खोटा व्यवहार होय. मुद्रित साथीला ‘मुद्रित साथ’ म्हणावयास कोणाची हरकत असू नये.

तेव्हा आरंभीच्या शंकेचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. कसोटी मात्र देता येते. मंचावरील मनुष्यापाशी आज काही ठरवावयाचे उरले आहे काय? त्याचा निर्णय चुकू शकतो काय? आणि समोरचे श्रोते निराळे असते, तर आजचे संगीत थोडे तरी निराळे झाले असते काय? या प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर येत असेल, तर समोर आहे ते वाद्य आहे. मग त्याला तारा असोत की बटणे. ‘नाही’ असे येत असेल, तर ती ध्वनिमुद्रिका आहे. ध्वनिमुद्रिका ऐकण्यात काही कमीपणा नाही. परंतु ती घरीही ऐकता येते. कलावंताने आपल्यासमोर, आपल्यासाठी, चुकण्याचा धोका पत्करावा, म्हणून तर आपण घर सोडून सभागृहात येतो. पुढच्या वेळी मेजामागे खाली मान घालून उभा असलेला मनुष्य दिसला, तर त्याच्या पडद्याकडे न पाहता समेकडे कान द्यावा. तो तेथे काही धाडस करतो आहे की नाही, हे दोनचार आवर्तनांत आपल्या ध्यानात येईल.