किड्यांचा शनिवार-रविवार

अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणातून १९९६मध्ये सोडलेल्या कृत्रिम पुराबद्दल या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं. पण पूर आठ दिवस थांबेल. नाशिकच्या एका वाचकांनी विचारलंय, ‘तिथला हा कुबडा चब मासा खातो काय, ते तुम्ही सांगितलंच नाहीत.’ या धरणाखाली चाललेल्या संशोधनातला माझा सगळ्यात लाडका भाग नेमका या उत्तरात दडलाय.

चबचं मुख्य खाणं म्हणजे पाण्यातले किडे आणि त्यांच्या अळ्या. आणि धरणाखालच्या ग्रँड कॅन्यन दरीमध्ये टंचाई आहे ती त्यांचीच. मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय ही नदीतली नेहमीची मंडळी तिथे जवळपास नाहीतच. उरलीत ती चिलटं आणि काळ्या माश्या. का, ते शोधायला तिथल्या किड्यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ टेड केनेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२पासून राफ्ट चालवणाऱ्या वाटाड्यांनाच कामाला लावलं. मुक्कामाला पोचायचं, अंधार पडू लागला की पाण्याच्या कडेला प्लॅस्टिकचा डबा ठेवायचा, त्यात अल्कोहोल ओतायचं, दिवा लावायचा. तासाभराने डब्यात पडलेले किडे बाटलीत भरायचे, बाटलीवर ठिकाण आणि तारीख लिहायची. दोन-दोन आठवड्यांच्या नदीप्रवासात हे रोजचं. (पगार देऊन इतके हात कोणत्याही संस्थेला परवडले नसते.)

अशा हजारो बाटल्या जमल्या आणि एक गंमत दिसली. एका टप्प्यात चिलटं रग्गड, पुढे रोडावलेली, आणखी पुढे परत रग्गड. याचं कारण विजेच्या मागणीत निघालं. दिवसा एसी चालू असतात म्हणून धरणातून विसर्ग वाढवतात, रात्री कमी करतात. ही रोजची लाट दरीतून पुढे सरकत जाते. त्यामुळे तिन्हीसांजेला कुठे नदीला भरती असते, तर कुठे ओहोटी. हे किडे अंडी घालतात ती तिन्हीसांजेलाच, आणि त्यातले बरेचसे अगदी पाण्याच्या काठाशी. ओहोटीला घातलेली अंडी पुढे पाण्याखाली राहतात. भरतीला घातलेली मात्र पाणी उतरलं की दगडावर उघडी पडतात आणि काही तासांत वाळून जातात.

उपाय तितकाच हिशेबी. शनिवार-रविवारी विजेची मागणी तशीही कमीच. मग मे ते ऑगस्ट या दोन दिवसांत विसर्ग कमी आणि एकसारखा ठेवायचा. सोमवारी पाणी चढलं की दोन संध्याकाळची अंडी सुखरूप बुडालेली. महिन्याच्या एकूण पाण्यात एका थेंबाचाही फरक नाही. विजेच्या कमाईला थोडी खोट बसते, इतकंच. २०१८ ते २०२० अशी तीन वर्षं हा प्रयोग झाला आणि वाटाड्यांच्या डब्यांत कॅडिसफ्लाय जास्त येऊ लागल्या.

चब वाढला का, हे मात्र यावरून सांगता येत नाही. दरीच्या पश्चिम भागात तो २०१८च्या आधीपासूनच वाढत होता. धरणामागच्या पॉवेल सरोवराची पातळी उतरली, वरचं कोमट पाणी जनित्रांतून खाली येऊ लागलं, आणि ते त्याला मानवलं. चबसारखा कित्येक वर्षं जगणारा मासा असला की कोणत्या बदलाचं श्रेय कुणाला द्यायचं, याचा वाद लवकर मिटत नाही. त्यातच त्या कोमट पाण्याबरोबर स्मॉलमाउथ बास हा शिकारी मासा धरण ओलांडून खाली उतरला, आणि २०२२मध्ये त्याची पिल्लंही सापडली. बास चबची पिल्लं खातो. त्याला थोपवायला २०२४मध्ये जनित्रं बाजूला ठेवून खोलातलं थंड पाणी सोडावं लागलं. ती सगळी भानगड सांगायचीच आहे, पण आधी १९९६चा पूर. या वेळी नक्की.