हिवाळ्याच्या अखेरीस जाणवणारी विषण्णता : स्वरूप व उपाय

प्रस्तावना :
वसंताचे आगमन म्हणजे मनाचा उल्हास हे समीकरण आपल्या साहित्यपरंपरेने इतके दृढ केले आहे की, हिवाळा सरत असतानाही मन खचलेले राहू शकते हे सहसा लक्षात येत नाही. उच्च अक्षांशावरील देशांत मात्र हा अनुभव परिचित आहे. शिक्षण वा नोकरीनिमित्त लंडन, टोरांटो येथे गेलेल्या मराठी माणसांनाही तो चुकत नाही. मुंबईतील सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा असतो, तर लंडनमध्ये तो ८ तासही भरत नाही. घरून दूरध्वनीवर थंडीची चौकशी होते. उजेडाची कोणी करीत नाही.

या विकाराचे पहिले पद्धतशीर वर्णन अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील नॉर्मन रोझेन्थल व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केले. त्यास ‘ऋतुनिष्ठ विषाद’ म्हणता येईल. अतिनिद्रा, गोड व पिष्टमय पदार्थांची ओढ, वजनवाढ आणि माणसांपासून दूर राहणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत.

फेब्रुवारीत दिवस मोठा होऊ लागतो. तथापि मन लगेच सावरतेच असे नाही. तीन-चार महिने उशिरा उठण्याची, भेटीगाठी टाळण्याची सवय जडलेली असते. कामे तुंबलेली असतात. शिवाय एमिल दुरखीम यांनी १८९७ मधील आपल्या ग्रंथात दाखविले होते की, युरोपात आत्महत्यांचे प्रमाण ऐन हिवाळ्यात नव्हे, तर वसंत व ग्रीष्माच्या आरंभी वाढते. ही आकडेवारी केवळ ऋतुनिष्ठ विषादाची नाही आणि तिच्या कारणांविषयी अभ्यासकांत एकमतही नाही. परंतु ‘आता ऊन पडले, आता बरे वाटेल’ असे म्हणून रुग्णाकडे दुर्लक्ष करणे किती धोक्याचे आहे, हे तीवरून उमगते.

उपचारांचे स्वरूप :
प्रकाशोपचारात सकाळी उठल्यावर सुमारे अर्धा तास १०,००० लक्स तीव्रतेच्या दिव्यासमोर बसावयाचे असते. घरातील नेहमीचा उजेड बहुधा ५०० लक्सपेक्षाही कमी असतो. ढगाळ दिवशी बाहेर तो याच्या कित्येक पट मिळतो. म्हणून सकाळचे फिरणे हा बिनखर्चाचा उपाय उपेक्षणीय नाही. बरे वाटू लागताच दिवा बंद करण्याकडे अनेकांचा कल असतो. वस्तुतः वसंत स्थिरावेपर्यंत उपचार चालू ठेवणे इष्ट होय. नेत्रविकार अथवा उन्माद-विषादाचा पूर्वेतिहास असल्यास मात्र वैद्यकीय सल्ल्याविना हा उपचार करू नये.

दुसरा उपाय बोधात्मक वर्तनोपचाराचा. ‘मला हिवाळा सोसतच नाही’ यासारखे विचार तपासणे आणि इच्छा नसतानाही ठरलेल्या वेळी ठरलेले काम, ठरलेली भेट पार पाडणे, हा त्याचा गाभा. केली रोहन व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, उपचारानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात विषाद उलटण्याचे प्रमाण प्रकाशोपचार घेतलेल्यांत ४५.६ टक्के, तर वर्तनोपचार घेतलेल्यांत २७.३ टक्के आढळले. दिव्याचा परिणाम त्वरित दिसतो, शिकलेली सवय पुढील वर्षीही सोबत राहते, असा याचा अर्थ प्रस्तुत लेखिकेस वाटतो.

खिन्नता दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास डॉक्टरांना भेटावे. जीव नकोसा झाल्याचे बोलणे कानी आल्यास तर थांबूच नये. अशा वेळी कॅनडात ९८८ व ब्रिटनमध्ये ११६ १२३ हे क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतात; भारतात २०२२ पासून टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे.