तेहतिसावा डाव

पॉटकेट हे अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याचं गिरणगाव. त्या देशातली पहिली यशस्वी सूतगिरणी इथंच उभी राहिली. १८ एप्रिल १९८१ च्या रात्री, ईस्टरच्या आदल्या दिवशी, इथल्या मकॉय स्टेडियमवर पॉटकेट रेड सॉक्स आणि रॉचेस्टर रेड विंग्ज समोरासमोर आले. लीग मायनर, म्हणजे मुख्य मेजर लीगच्या एक पायरी खालची. इथला प्रत्येक खेळाडू वरून बोलावणं येण्याची वाट पाहत असतो. प्रेक्षक १७४०. दिवे नीट लागेनात म्हणून सुरुवातच अर्धा तास उशिरा झाली.

बेसबॉलचे नेहमीचे डाव नऊ. बरोबरी इथं चालत नाही. निकाल लागेपर्यंत डावावर डाव. नवव्या डावाअखेर गुणफलक १-१ होता, विसाव्यालाही तोच. एकविसाव्यात रॉचेस्टरने एक धाव घेतली. आता सुटलो म्हणावं, तर वेड बॉग्जच्या फटक्याने पॉटकेटने २-२ केलं! बाविसाव्यात पंचांशी वाद घातल्याबद्दल पॉटकेटचे व्यवस्थापक जो मॉर्गन यांना बाहेर काढण्यात आलं. गृहस्थ गेले कुठं? होम प्लेटमागच्या भिंतीला एक भोक होतं, तिथून सामना बघत राहिले.

एव्हाना थंडी हाडांत शिरली होती. समोरून वारा असा, की उंच मारलेला चेंडू मागे ढकलला जाई. खेळाडूंनी तुटलेल्या बॅटी पिंपात टाकून शेकोटी पेटवली. पिचर लुइस अपॉन्टे आपलं काम आटोपून तीननंतर घरी पोचला, तर इतका वेळ मैदानावरच होतो यावर बायकोचा विश्वास बसेना. बसेल कसा?

हे सगळं घडलं एका गहाळ परिच्छेदामुळे. रात्री १२.५० नंतर नवा डाव सुरू करायचा नाही, असा लीगचा नियम होता. पण पंचांच्या हातातल्या त्या वर्षीच्या प्रतीत तो छापलाच नव्हता. पुस्तकात नाही म्हणजे नाही, या बाण्याने पंच अडून बसले. शेवटी लीगचे अध्यक्ष हॅरल्ड कूपर फोनवर सापडले, तेव्हा तीन वाजून गेले होते. बत्तिसावा डाव संपल्यावर, पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी खेळ थांबला. गुण २-२. प्रेक्षक उरले १९.

उरलेला सामना २३ जूनला झाला. मेजर लीगमध्ये तेव्हा संप चालू होता, त्यामुळे देशभरच्या वार्ताहरांना दुसरं कामच नव्हतं. ५७४६ लोक जमले, आणि खेळ अठरा मिनिटांत आटोपला. तेहतिसाव्या डावात तिन्ही बेस भरलेले, एकही गडी बाद नाही. डेव्ह कोझाने चेंडू डावीकडे तडकावला, मार्टी बॅरेट धावत घरी आला. ३-२. एकूण ८ तास २५ मिनिटं. व्यावसायिक बेसबॉलमधला सर्वांत लांब सामना.

त्या रात्री रॉचेस्टरकडून खेळलेला कॅल रिपकन (१३ वेळा बॅटिंग, फटके फक्त दोन) आणि पॉटकेटचा बॉग्ज पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. मला मात्र आठवतो कोझा. संघाला जिंकून देणारा फटका त्याचा. मेजर लीगमध्ये तो एकही सामना खेळला नाही.