रामाविना रामायण

मेटल संगीत ऐकणाऱ्यांत एक वाद विझत नाही: बेबीमेटल हे मेटल म्हणायचं का? 2010 मध्ये जपानात शाळकरी मुलींना घेऊन उभा केलेला हा ताफा. पुढे लाडिक पॉप आणि बसवलेला नाच, मागे कानठळ्या बसवणारी गिटार. 2014 मध्ये इंग्लंडच्या सोनिस्फिअर महोत्सवात त्या मुख्य मंचावर उभ्या राहिल्या. 2016 मध्ये मेटल गायक रॉब झॉम्बीने त्यांच्याबरोबरचा फोटो टाकला आणि नाकं मुरडणाऱ्या चाहत्यांनाच सुनावलं. मला या भांडणाचं वेड आहे, कारण ते आमच्या बारामतीत सव्वादोनशे वर्षांपूर्वीच होऊन गेलंय.

बारामतीजवळच्या लोणी भापकरला पुष्करणीपाशी असलेली यज्ञवराहाची मूर्ती पाहून लोक परततात. बारामतीत कवी मोरोपंतांसाठी थांबणारा विरळा. इथल्या जहागीरदार बाबूजी नाइकांच्या पदरी पुराणिक असलेले हे पंत आपल्याला ‘केकावली’पुरते ठाऊक. पण त्यांनी 108 रामायणं रचली असं परंपरा मानते, आणि त्यांतली कितीतरी निव्वळ कसरती आहेत. ‘परंतु रामायणा’त ‘परंतु’ हा शब्द पुन्हापुन्हा येतो. ‘निरोष्ठ रामायण’ तर ओष्ठ्य वर्ण टाळून लिहिलेलं. प, फ, ब, भ, म वर्ज्य, म्हणजे रामायणात ‘राम’च म्हणता येत नाही! कवीला स्वतःचं नावही घालायची सोय नाही. ही खोड जुनी: दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्त अशीच गोष्ट सांगतो, कारण प्रेयसीच्या दातांनी त्याचे ओठ दुखावलेले असतात. दंडीला निदान सबब तरी होती.

याच बारामतीत सोलापूरचे राम जोशी येत. संस्कृत शिकलेला ब्राह्मण, पण तमाशाच्या नादी लागला म्हणून थोरल्या भावाने, मुद्गल जोशींनी, घराबाहेर काढलेला. लावणीत त्यांनी संस्कृत घुसवलं, एकाच लावणीत अनेक भाषा मिसळल्या. शास्त्र्यांच्या लेखी तो बाटलेला, पण फडावर त्याला तोड नव्हती. मोरोपंतांनी त्यांना कीर्तनाकडे वळवलं, ही कथा सगळे भक्तिभावाने सांगतात. मला त्या कथेत सोवळ्याचा वास येतो. कारण पुढे पंतांच्या आर्या गावोगाव पोहोचवल्या त्या राम जोशींच्याच कीर्तनांनी. सोवळी कविता लोकांच्या कानी पडली ती फडावर तयार झालेल्या गळ्यातून.

पंतांवरही कृत्रिमतेचा आरोप झालाच, आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांना ‘निबंधमाले’त त्यांची बाजू घ्यावी लागली. म्हणजे वरचा पंडित शब्दांच्या कसरतीपायी संशयित, खालचा शाहीर जागेपायी. माझ्या मते दोघेही एकाच जातीचे कलावंत: चमत्काराने श्रोत्याला थक्क करणारे. फरक होता तो बैठकीचा, वाड्यातली की कनातीतली. अस्सलपणाच्या भांडणात आवाजाचा निवाडा फारसा होतच नाही. गाणारा कोण आणि कुठे उभा, हेच विचारलं जातं.

‘निरोष्ठ रामायण’ हाती लागलं तर मोठ्याने वाचा. ओठ मिटले, तर पाठ तपासा.