खिशातला फोन सेकंदाला किती वेळा दचकतो?

वडशाच्या स्थानकावर गोंदियाची गाडी येईपर्यंत फोन खिशात गप्प असतो. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स कर्नल आहे. जुन्या पद्धतीत टायमर इंटरप्ट त्याला सेकंदाला १०० ते १००० वेळा उठवायचा, काम असो वा नसो. बॅटरी फुकट खर्ची पडायची. रिकाम्या प्रोसेसरची ही टिकटिक थांबवण्याची सोय साध्या पीसीला २००७ मध्ये, लिनक्स २.६.२१ मध्ये मिळाली.

ड्रायव्हर लिहिणाऱ्याची कसोटी वेगळीच. टायमरच्या फंक्शनला झोपायला, म्हणजे थांबून वाट पाहायला, सक्त मनाई. लांबणारे काम वर्कक्यूकडे सोपवायचे. आणि ड्रायव्हर काढताना टायमर रद्द करायचा राहिला, तर तो मोकळ्या झालेल्या मेमरीत हात घालतो. अख्खा फोन बंद पडू शकतो.