पहिल्या सलाइनच्या आधी

केमोथेरपीच्या पहिल्या डोसनंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांनी केस जाऊ लागतात. कर्करोगाच्या उपचारात अनेक गोष्टींचा अंदाज बांधता येत नाही. ही मात्र बऱ्यापैकी सांगून येते. तरीही बहुतेक घरांत तिची तयारी कुणी केलेली नसते. फाइल, विम्याचे कागद, डबा, रुग्णालयाजवळ राहायची सोय या सगळ्याची यादी होते आणि केसांचं 'तेव्हाचं तेव्हा बघू' म्हणून मागे राहतं. सोबत करणाऱ्याचं काम खरं तर इथूनच सुरू होतं.

आधी हे का होतं ते पाहू. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि कोणत्याही वेळी त्यांतले ८५ ते ९० टक्के वाढत असतात. त्यांच्या मुळाशी असलेल्या पेशी शरीरातल्या सर्वांत वेगाने विभागणाऱ्या पेशींपैकी आहेत. केमोची औषधं अशाच पेशींना गाठतात; पेशी गाठीतली आहे की केसाच्या मुळातली, हे त्यांना कळत नाही. मुळातलं काम अडलं की केस तिथे बारीक, ठिसूळ होतो आणि नुसता कंगवा लागला तरी तुटून येतो. ज्यांच्यापासून नवा केस तयार होतो त्या मूळपेशी बहुधा शाबूत राहतात, म्हणूनच केस परत येतात.

सगळ्या औषधांनी सारखंच होत नाही. लाल रंगाचं डॉक्सोरुबिसिन, तसंच पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल यांनी बहुधा सगळे केस जातात. फाइव्ह-एफयूसारख्या औषधाने ते विरळ होतात, टॅमॉक्सिफेनच्या गोळीने काहींचे थोडे पातळ. रेडिएशनचा परिणाम जिथे किरण पडतात तिथेच होतो. स्तनाला किंवा पोटाला रेडिएशन दिलं म्हणून डोक्यावरचे केस जात नाहीत. तेव्हा पहिल्या डोसच्या आधीच डॉक्टरांना विचारावं: या औषधांनी केस पूर्ण जाणार की विरळ होणार, आणि साधारण कधी? केस गेले नाहीत म्हणजे औषध लागू पडत नाही, अशी एक भीती लोकांच्या मनात असते. तिला काही आधार नाही.

याच भेटीत कोल्ड कॅपबद्दलही विचारावं. ही गार द्रव खेळवलेली टोपी असते. सलाइन सुरू होण्याच्या सुमारे अर्धा तास आधी ती घालतात आणि सलाइन संपल्यावरही तास-दीड तास तशीच ठेवतात. गारव्याने डोक्याच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, मुळांपर्यंत औषध कमी पोचतं आणि तिथल्या पेशींचं कामही मंदावतं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर याचा अभ्यास झाला. टोपी वापरलेल्या गटात निम्म्याहून थोड्या जास्त स्त्रियांचे केस टिकले. म्हणजे खात्री नाही, पण शक्यता चांगली. डॉक्सोरुबिसिनपेक्षा पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधांत टोपी जास्त उपयोगी पडते. रक्ताच्या कर्करोगात ती वापरत नाहीत. सुरुवातीची काही मिनिटं डोकं ठणकतं, खर्च वाढतो आणि सोय ठरावीक रुग्णालयांतच आहे. पहिल्याच डोसपासून घातली तर उपयोग. केस जायला लागल्यावर विचारून काही हाती लागत नाही.

आता घरातलं. लांब केस असतील तर ते आधीच खांद्यापर्यंत किंवा त्याहून आखूड कापावेत. उशीवर हातभर केसांचा गुंता दिसणं आणि बोटभर केस दिसणं यांत फार फरक पडतो. केस जाताना डोक्याची त्वचा हुळहुळी होते, कधी उशी टेकवली तरी दुखते, हे आधी सांगितलेलं बरं. रात्री मऊ सुती टोपी घातली की गळणारे केस तिच्यातच राहतात. न्हाणीघराच्या जाळीत साठलेले केस काढण्याचं काम मात्र रुग्णाकडे ठेवू नये. दुसऱ्या कुणीतरी रोज न बोलता ते करावं. मला विचाराल तर पुष्पगुच्छापेक्षा ही मदत मोठी आहे.

सगळे केस काढायचे ठरलं तर वस्तरा नको, ट्रिमर घ्यावा, आणि तो घरचा. डोसनंतरच्या एक-दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात; साधी जखमही चिघळू शकते.

पण काढायचे की नाही, हे कुणी ठरवायचं? आपल्याकडे गोटा केलेला पुरुष दिसला की 'घरात कोण गेलं?' हा प्रश्न येतोच. बाईच्या डोक्यावर तर आणखी जुनी सावली आहे. विधवांच्या केशवपनाविरुद्ध नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी १८९० मध्ये संप केला. पुढे प्रथा गेली, पण आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या एखाद्या आजीने लहानपणी आलवण नेसलेली विधवा पाहिलेली असू शकते. तिला सुनेने कितीही मायेने 'आई, आता सगळे काढूनच टाकू' म्हटलं, तरी तिच्या कानांवर ते वेगळंच पडतं. नवरा हयात असताना डोकं भादरायचं, हे तिला अशुभ वाटतं. इथे विज्ञान समजावत बसू नये. कात्रीने बोटभर ठेवून कापावेत, बाकीचे आपोआप जाऊ द्यावेत. तिरुपतीला केस वाहून आलेल्या घरात मात्र सगळे काढण्याचा निर्णय सोपा जाऊ शकतो. नातवाने सोबत म्हणून स्वतःचं डोकं करून घेण्याआधीही आजीला विचारावं. काहींना त्याने धीर येतो, काहींना अपराधी वाटतं.

डोकं झाकायला सुती रुमाल किंवा जुनी मऊ ओढणी उत्तम. सॅटिन, नायलॉन डोक्यावरून घसरतात. खेड्यातल्या पुरुषाला टोपी किंवा मुंडासं असतंच, डोक्यावरून पदर घेणाऱ्या बाईलाही फार वेगळं काही करावं लागत नाही. अडचण जास्त होते ती ऑफिसला जाणाऱ्यांची आणि शाळकरी मुलांची. विग घ्यायचा असेल तर केस असतानाच दुकानात जावं, म्हणजे रंग आणि भांग जुळवता येतो. निदान चांगल्या उजेडातला एक फोटो तरी काढून ठेवावा. केस गेल्यावर डोक्याचं माप थोडं कमी होतं, म्हणून आतून घट्ट-सैल करता येणारा विग बघावा. कृत्रिम धाग्याचा विग स्वस्त आणि हलका असतो, पण तो घालून गॅसपाशी किंवा कुकरच्या वाफेजवळ उभं राहू नये. आखडतो, जळूही शकतो. मुंबईच्या उकाड्यात अनेकजणी विग फक्त लग्नाकार्याला घालतात आणि एरवी रुमालावर राहतात. ते अगदी ठीक आहे.

भुवया आणि पापण्या बहुधा उशिरा जातात, तेव्हा आरशातला चेहरा परका वाटू शकतो. भुवयांची पेन्सिल आधी आणून ठेवावी. नाकातले केस गेले की नाक गळत राहतं. सर्दी झाली म्हणून घाबरू नये, पण ताप असेल तर लगेच डॉक्टरांना फोन करावा. घरात लहान मूल असेल तर त्याला केस जाण्याच्या आधी सांगावं, आणि ते हात लावू पाहत असेल तर लावू द्यावा.

'केस काय, परत येतील' हे वाक्य खरं आहे, पण उशीवर झुबका पाहिलेल्या माणसाला ते नको असतं. त्यापेक्षा 'रुमाल आणू का?' बरं. कांद्याचा रस आणि खात्रीची तेलं सुचवणाऱ्या नातेवाइकांना सोबत्यानेच दारात थोपवावं. केमोतले केस त्याने थांबत नाहीत, हुळहुळ्या त्वचेची आग मात्र होते.

शेवटच्या डोसनंतर काही आठवड्यांत मऊ लव येते, तीन ते सहा महिन्यांत डोकं भरतं. वाढ महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. नवे केस कुरळे किंवा वेगळ्या छटेचे येऊ शकतात. पुढे ते बहुतेकदा मूळ वळणावर जातात. डोक्याला जास्त मात्रेचं रेडिएशन झालेल्यांत आणि डोसिटॅक्सेल घेतलेल्या थोड्यांत ते कायमचे विरळ राहतात. रंग लावायची घाई नको, डॉक्टरांना विचारूनच लावावा.

ज्यांचे केस लांब आहेत त्यांना ते विगसाठी देता येतात. संस्था साधारण १२ इंच किंवा जास्त लांबी मागतात, आणि एका विगला अनेकांचे केस लागतात. देणार असाल तर केस धुऊन पूर्ण वाळवा, वेणी घालून दोन्ही टोकांना रबर बांधा आणि मगच कापा. पार्लरच्या फरशीवरून गोळा केलेले केस घेत नाहीत.